बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत थोर गडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा गरम आहे तोवर. किस्सा संपला की तुम्ही म्हणणार, "वकीलसाहेब, चुकलंच तुमचं," आणि मी म्हणणार, "मुळीच नाही!" उगाच भांडण व्हायचं. अहो, अख्खं अकोला माझ्यावर हसलं, माझी बायको तर अजून हसते. पण जगातला सर्वांत थोर बर्फ-हॉकी खेळाडू कोण, याचा जो निकाल मी त्या उन्हाळ्यात दिला, त्यातलं अक्षरही मी बदललेलं नाही. बदलणारही नाही!

हो, हो, बर्फावरची हॉकी. अकोल्यात. भर मे महिन्यात! गोळेवाल्याच्या लादीपेक्षा मोठा बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता. तरी निकाल दिला. का दिला, ते ऐका.

ऑलिम्पिकात आपलं हॉकीचं सोनं हुकलं, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. वऱ्हाडात घरोघरी सुतक आल्यासारखं वातावरण होतं. सामना कोणी पाहिला नव्हता, रेडिओ अर्धा वेळ खरखरत होता, पण पंचानं घात केला यावर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. दूधवालासुद्धा दूध मोजता मोजता पंचाचा उद्धार करायचा.

मी तेव्हा अमरावतीला नवा वकील. शेंदूरजनाघाटला वडिलांची संत्र्याची बाग, त्यामुळे पोटाची काळजी नव्हती. आणि अशिलं नव्हती, त्यामुळे वेळेचीही नव्हती. अशात किसनमामांनी, म्हणजे आईच्या धाकट्या भावानं, अकोल्याचं स्थळ आणलं. मुलगी विमल. वडील देवराव मास्तर, शाळेत गणित शिकवायचे.

विमलचं नाव ऐकलं आणि मी ताडकन उठून बसलो. अंजनगाव सुर्जीच्या एका लग्नात मी तिला पाहिलं होतं. पंगतीत एक पाहुणा पुन्हा पुन्हा वाढून घेत सारखा "भाजी आळणी, वरण पातळ" करत होता. ही वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "भाऊ, चौथ्या वक्ताले कळलं का तुमाले?" तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, लग्न करीन तर हिच्याशीच!

"स्थळ चांगलं हाय लेका," मामा म्हणाले, "पन मास्तर एक सवाल इचारते. तीन पोरं त्याच सवालावर वापस गेले."

"कोणता सवाल?"

"जगातला सगळ्यात मोठा हाकीचा खेळाडू कोन?"

"हात्तिच्या! हे तर शेंबडं पोरही सांगेल."

"तेच तं! तिघायनं एकच नाव सांगतलं. मास्तर म्हने, ऐकलेलं बोलून राह्यले सारे, सोताचं डोकं नाई कोनाले. देल्ला नारळ तिघायले!"

आता आली का पंचाईत? सांगून सांगून हॉकीतलं कोणतं नाव सांगणार? जे सांगीन त्यावर मास्तर उलटतपासणी घेणार आणि मी आडवा होणार. पण वकिलाची जात माझी! मी म्हटलं, खटला अशा गावी चालवावा जिथे समोरच्याला साक्षीदारच मिळणार नाही. आणि मला वसंताचे फोटो आठवले.

वसंता माझा मित्र, कापसाच्या एका जिनमध्ये कारकून. जिनच्या मशीनचे सुटे भाग कुठल्याशा थंड देशातून खोक्यांत भरून यायचे, आणि त्यांच्याभोवती तिकडच्या मासिकांचे कागद कोंबलेले असायचे. त्यात बर्फावरच्या हॉकीचे फोटो भरपूर. भाषा इंग्रजी नव्हती एवढं नक्की, कारण मला एक ओळ लागत नव्हती. पण हॉकी समजायला भाषा कशाला पाहिजे? डोळे पाहिजेत! खेळाडूंच्या बुटांना सुऱ्या लावलेल्या, चेंडूच्या जागी बूट-पॉलिशच्या डबीसारखी काळी चकती. दोन दिवस मी आणि वसंता ते चुरगळलेले कागद निखारे भरलेल्या लोट्यानं इस्त्री करत बसलो आणि क्रमवारी लावली.

पहिल्या नंबरावर वादच नव्हता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला एक गडी जवळपास प्रत्येक फोटोत होता. संघ कोणतेही असोत, हा आहेच! म्हणजे दोन्ही संघ त्याला घेतल्याशिवाय खेळत नसणार. बरं, हातात काठी नाही. काठीच नाही! बाकीचे धिप्पाड गडी काठ्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जातायत आणि हा मधोमध, एक हात वर करून, शांत. फोटोखाली इतरांची नावं, याचं नाही.

"नाव कावून नाई छापलं बे?" वसंतानं विचारलं.

"सूर्याखाली कोणी सूर्य म्हणून लिहितं का?" मी म्हटलं. वसंताला पटलं.

दुसऱ्या नंबरावर होता एक टोपीवाला. त्याची काठी चांगली हात-दीड हात रुंद. एवढ्या रुंद काठीतून चकती सुटेलच कशी? आणि त्याच्या फोटोत सगळं मैदान रिकामं. विरुद्ध संघाची जवळ यायची छातीच नाही! तिसरा एक पुढचे दात पडलेला वीर होता. चौथा-पाचवा आता आठवत नाही, त्यांच्यात तेव्हाही फारसा दम नव्हता.

बडनेऱ्याहून गाडीनं मामा आणि मी अकोल्याला गेलो. पोहे झाले. विमल येऊन बसली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि सवाल टाकला. मी ठणकावून म्हटलं, "कोणती हॉकी? मातीवरची की बर्फावरची?"

मास्तर चाट! मामांच्या घशात पोहे अडकले.

"बर्फावरची म्हनता? सांगा बरं."

मग मी जे सुरू केलं! दोन्ही संघांना हवाहवासा वाटणारा तो पट्टेरी गडी, काठीशिवाय खेळणारा, दोघांच्या भांडणात मधे उभा राहणारा, नावाची हाव नसलेला. मास्तर पुढे पुढे सरकत होते.

"काठी नाई म्हनता? अन् हात वर?"

"कायम वर!"

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, रव्वारी फायनल हाय, अमरावती अन् अकोला. फोटो घेऊन या. बक्षीस वाटपाच्या वक्ती चार शब्द बोला याच्यावर. पोरीचं मंग पाहू."

निघताना दाराशी विमल ओठ चावून उभी होती. मला वाटलं, लाजली.

रविवारी ऊन उतरल्यावर शाळेमागच्या मैदानावर हीऽ गर्दी. विमलनं माझ्याकडून फोटो घेतले, नंबरवार फळ्यावर टाचले आणि वरून धोतराचा पांढरा कपडा टाकला. मास्तर कुठे दिसेनात. मी आणि मामा बाकावर ऐटीत बसलो. शिट्टी झाली, संघ उतरले, आणि त्यांच्या मागोमाग पांढरी पँट, पांढरा सदरा घालून देवराव मास्तर मैदानात आले.

"मामा, मास्तर पंच आहेत?"

"हाव. वीसेक सालापासून. सांगतलं नाई का मी तुले?"

नव्हतं सांगितलं! पण तेव्हाही माझी ट्यूब पेटली नव्हती हो. ती पेटली शेवटच्या मिनिटाला. अमरावतीचा एक गोल झालेला, अकोल्यानं बरोबरी साधली, मैदान नाचायला लागलं, आणि मास्तरांनी शिट्टी मारून गोल नाकारला! दोन गडी काठ्या उगारून एकमेकांवर धावले. मास्तर मधे घुसले. हातात काठी नाही. दोघांच्या मधोमध. एक हात वर.

माझी नजर कपड्यानं झाकलेल्या फळ्याकडे गेली. तो पट्टेरी गडी... अरे देवा! तो पंच होता!

सामना संपला, आणि लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं.

टेबलापर्यंत जाता जाता मी विचार केला, अजून वेळ गेलेली नाही. एक नंबर गाळावा, रुंद काठीवाल्याला पहिला म्हणून मोकळं व्हावं. पंचाचं कौतुक, त्या वर्षी, त्या मैदानावर? जिवंत परत कोण जाणार? लोक ओरडत होते, "पंच इकल्या गेला! मारा लेकाले!" कोणीतरी ढेकूळ मारलं होतं, मास्तरांच्या सदऱ्यावर मातीचा डाग होता. ते एकटे उभे होते, शिट्टी मुठीत धरून, आणि त्यांच्या बाजूला एक माणूस नव्हता.

आणि मला राग आला. खराखुरा राग! गोल नाकारला तो बरोबरच होता, मी समोरूनच पाहिलं होतं. मी फळ्यावरचा कपडा खसकन ओढला.

"अकोलेकरहो! जगातला सगळ्यात मोठा खेळाडू पाहा, हा!"

मागून आरोळी आली, "अबे, थो तं पंच हाय!"

"हाव, पंच हाय! मंग?" माझी कोर्टातली भाषा कुठल्या कुठे पळाली. "काठीबिगर खेळते! दोन्हीकडून खेळते! जितनारा हार घालत नाई, अन् हारनारा जोडे मारते! फोटोखाली कोनी नाव छापत नाई त्याचं! अन् तरी दुसऱ्या सामन्याले टाइमावर हजर! हाय का तुमच्यात असा एक तरी गडी? असन तं या समोर!"

एक चप्पल आली. माझ्या कानाजवळून गेली.

"दुसरीबी फेक लेका, जोडी तं होऊ दे! एकटी काय कामाची मले?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. मग सगळं मैदानच हसायला लागलं, आणि हसणाऱ्या माणसाला ढेकूळ मारता येत नाही, करून पाहा. मास्तर टेबलाजवळ आले. चष्मा काढला, डोळे पुसले.

"इतक्या सालात पंचाच्या बाजूनं कोनी बोलल्याचं आयकलं नाई बाप्पा," असं म्हणाले आणि लाउडस्पीकर चालू आहे हे विसरून ओरडले, "किसनराव, पोरगी देल्ली!"

टाळ्या! मामा तर रडायलाच लागले. झालं की नाही माझंच खरं?

गर्दी पांगली तशी विमल फळ्यावरचे फोटो काढत होती. मी ऐटीत तिच्याजवळ गेलो.

"एक इचारू?" ती म्हणाली. "एक नंबरचा पंच हाय, हे तुमाले आधीपासून मालूम होतं?"

"अर्थात! वकील आहे मी. सगळं मुद्दाम."

"बरं. मंग हा दोन नंबरचा?"

"त्याचं काय? काठी बघा किती रुंद!"

"थे काठी नोहे. बर्फ खरडाचं फावडं हाय. खेळ थांबला का हा मैदान झाडते. म्हून तं सारं मैदान खाली दिसते."

मी फोटो जवळ घेतला. लांब धरला. तिरका करून पाहिला. फावडंच होतं.

पण माघार घेईन तर मी कसला? "तेही मुद्दामच!" मी छाती पुढे काढून म्हटलं. "झाडल्याबिगर खेळ होते का? पंचाच्या खालोखाल मान कोणाचा, तर झाडणाऱ्याचा!"

"पक्कं?"

"पक्कं!"

"पाहजा हं, मंग बदलू नोका," ती म्हणाली आणि तो फोटो तिनं घडी घालून कमरेला खोचला.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो फोटो माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं खराटा पुढे केला. भर अकोल्यात दिलेला जबाब, फिरवणार कसा? घेतला खराटा!

तेव्हापासून क्रमवारी तीच आहे. उद्या सकाळी आमच्या घरावरून जा आणि खात्री करून घ्या. एक नंबर ओट्यावर उभी असते, हातात काठी नाही, नुसता एक हात वर करून राहिलेला कोपरा दाखवते. दोन नंबर अंगण झाडत असतो.