कानात सांगायचं नाव

आत्या होणं म्हणजे फुकटची वतनदारी. नाव ठेवायचा मान आपला, दुपटी धुवायचं काम दुसऱ्यांचं. भावाला मुलगी झाली तेव्हा मी जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. अभ्यास गुंडाळून ठेवला आणि वहीभर नावं लिहून काढली, टीव्हीवरच्या मालिकांतली, मासिकांतली. नाव गल्लीत दुसऱ्या कुणाचं नको, एवढीच माझी अट.

बारशाच्या आदल्या दिवशी भडगावहून आबा आले. आबा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. वय नव्वदीपार, पण वरण-बट्टीला कधी नाही म्हणाले नाहीत. खोडी काढायची म्हणून मी विचारलं, "आबा, तुमच्या लहानपणी काय नावं ठेवायचे हो?"

आबांनी गल्लीतले सवंगडी एकेक करून आठवले. दगडू, धोंडू, भिका, नथू, फकिरा. पोरींत काशी, गंगा, धोंडी, दगडी.

"आबा, ही नावं आहेत की गाडीभर खडी?" मी म्हणाले.

आबा चिडले नाहीत. "हास वं पोरी. मना पहिले पाच भाऊ गयात. मंग मायनी माले उकिरडावर ठेवं. शेजारीननी पसाभर दाना दिसन उचलं, नाव ठेवं उखर्डू. उकिरडाले कोन नजर लावस? म्हनीसन तं मी आजूनबी शे!"

पसाभर दाणे देऊन उकिरड्यावरून विकत घेतलेला पोरगा! घरात हशा पिकला. मी तर दिवसभर आबांची नक्कल करत हिंडले. कोपऱ्यात मुलीला पाजत बसलेल्या वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. ते मला दिसलं होतं, तरी माझं तोंड काही थांबलं नाही.

वहिनी हायस्कुलात सायन्स शिकवायच्या. मांजर आडवी गेली तर तिला वाट देऊन पुढे जाणाऱ्या. त्यांची आधीची दोन बाळं बारशापर्यंतही पोचली नव्हती. घरात त्यावर कुणी बोलत नसे, आणि मी ते सोयीस्कर विसरले होते.

बारशाच्या सकाळी त्यांनी मला आतल्या खोलीत ओढलं. "ताई, नाव तुम्ही काढलंय तेच ठेवा, छान आहे. पण त्याआधी तिच्या कानात दगडी म्हणा. एकदाच. कुणाला सांगू नका, तुमच्या भावालासुद्धा."

"वहिनी, तुम्ही? सायन्सच्या बाई?"

"दोन्ही वेळा सायन्सनेच वागले हो, ताई."

आदल्या दिवशीच्या माझ्या नकला आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारशाला आत्याने बाळाच्या कानाशी वाकायचं आणि नाव सांगताना बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. गल्लीतल्या बायका बाह्या सरसावूनच उभ्या होत्या. मी वाकले. दगडी म्हणाले. एकदाच सांगितलं होतं, मी तीनदा म्हणाले. मग कुर्र करून वहीतलं नाव सांगितलं. तोवर पाठ चांगली शेकून निघाली होती, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पाळण्यापलीकडून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली.

पाहुण्यांची पानं मांडली तेव्हा त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि पंगतीत जाऊन बसल्या. बारा दिवसांत पहिल्यांदाच त्या तिला दुसऱ्या कुणाकडे सोपवून जेवत होत्या. पोटभर जेवल्या, आणखी एक बट्टी मागून घेतली.