विहिरीचा उपसा

ती घटना आठवली की विहीर उपसणाऱ्या इंजिनाची घरघर आजही माझ्या कानात सुरू होते. सत्तरच्या दशकात मी सोलापूर तालुक्यात फौजदार होतो. कुंभारीकडच्या एका वस्तीवर लहान मुलगी आकडी येऊन दगावली. व्हिसेऱ्यात पिकावर फवारायचं औषध निघालं, विहिरीच्या पाण्यातही तेच.

खबऱ्याने शेजाऱ्याचं नाव दिलं. मुलीच्या आजोबांशी त्याचा बांधावरून जुना वाद. मी अटक केली, रिमांड घेतला. गाव त्याच्या फाशीचीच वाट बघत होतं. तो मात्र एकच सांगे, "माजी पोरंबी त्याच हिरीचं पाणी पित्यात की, साहेब. म्या कशाला इख टाकू?"

खोटं बोलणारा दर खेपेला गोष्टीत भर घालतो. याने घातली नाही. म्हणून मी शेतकी कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक गाठले. ते म्हणाले, "हे औषध पाण्यात फारसं विरघळत नाही. मातीला चिकटतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. विहीर गाळासकट उपसा. कुणी वरून ओतलं असेल तर नवा पाझर स्वच्छ निघेल. जमिनीत असेल तर काळ्या रानाच्या भेगांतून गढूळ पाण्याबरोबर परत येईल, तेही एकाच अंगाने."

पंचांसमक्ष उपसा झाला. चारही अंगांच्या पाझराचे नमुने वेगवेगळे सील केले. अहवालात विष फक्त पूर्वेच्या बाटलीत होतं. त्या अंगाला आजोबांचंच रान.

त्यांना ठाण्यात बोलावणं मला जड गेलं, मीच वस्तीवर गेलो. औषधाचा डबा कुठे आहे, विचारलं.

"पुरला की," ते सहज म्हणाले. "भावकीतल्या एका सुनंनं औषध पिऊन जीव दिला. आमच्या घरात नगं म्हनून हिरीजवळ खड्डा काडला, डबा ओतला, वर माती लोटली. मातीत समदं कुजतंय, शेणावानी."

मी अहवालाचा अर्थ सांगितला. म्हातारा म्हणाला, "आमच्यात मयताला जाळत न्हाईत, साहेब. नातीलाबी मातीतच ठिवलंय."

मढी मी पुष्कळ पाहिली होती, पण त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

शेजारी सुटला. प्राध्यापकांनी ती माती काढायला लावली, तेव्हा तो न बोलवता आला आणि आजोबांच्या हातातलं खोरं घेऊन स्वतः खणू लागला.

गुन्ह्यामागे वैर शोधायला आम्हाला शिकवलं जातं. त्या प्रकरणानंतर मी कुठल्याही घरी तपासाला गेलो की आधी विचारायचो, इथे काळजीपोटी कुणी काय केलं होतं?