गोष्टीचा तास आणि सात आया

गेल्या रविवारी आमच्या वाचनालयात मी मुलांसाठी गोष्टीचा तास ठेवला होता. बालविभागाकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा तिथलं पुस्तकांचं कपाट आता जिन्याखाली हलवू, असं अध्यक्ष म्हणाले होते. म्हणून मी आठवडाभर तयारी केली. सशाची गोष्ट आवाज बदलून सांगायचा सराव केला, रंगीत कागद, गोंद आणि बोथट कात्र्या आणल्या.

सात मुलं आली आणि त्यांच्याबरोबर सात आया आल्या. गोष्ट रंगली. मग आम्ही सशाचे मुखवटे करायला बसलो, आणि पाचच मिनिटांत सगळ्या कात्र्या आयांच्या हातात गेल्या. "दे इकडे, वाकडं कापतेयस," म्हणत छोट्या मुक्ताच्या आईने तिचा कागद ओढून घेतला, तो परत दिलाच नाही. जिभेचं टोक बाहेर काढून ती स्वतःच कापत बसली. शेजारची बाई फणकारली, "अहो, तो गुलाबी कागद मी आधी घेतला होता!"

मला आधी रागच आला. मग वाटलं, "हे घ्या कागद, काय हवं ते करा," असं या बायकांना शेवटचं कोणी कधी म्हटलं असेल? मी गुपचूप आणखी कागद पुढे सरकवले.

मुलं कुठे गेली म्हणून पाहिलं, तर सगळी कपाटासमोर पालथी पडून पुस्तकं चाळत होती.

बंद करायची वेळ झाली तेव्हा मुक्ताने आईची ओढणी ओढली. "आई, चल ना घरी, भूक लागलीय."

आईने मान वर केली नाही. "थांब गं, एकच कान राहिलाय."