कोळंबीच्या दिवसांतली परीक्षा

मिरकरवाडा बंदराजवळच्या आमच्या शाळेत कोळंबीच्या दिवसांत मी पोरींना लिहायला लावत नाही. पहाटे आयांबरोबर बर्फातली कोळंबी सोलून त्या वर्गात येतात, तेव्हा बोटांची सालं निघालेली असतात. पेन्सिल धरली की झोंबतं. म्हणून तेव्हा सगळं तोंडी घ्यायचं, ही इथली जुनी रीत.

गेल्या वर्षी मुलांची गुणवत्ता तपासायला पुण्याहून संशोधक आले, तेही नेमके त्याच दिवसांत. चौथीतली एक मुलगी दाखवून मी म्हटलं, "सर, हिला तोंडी विचारा. प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर असतो."

"मॅडम, सगळ्यांना एकच नियम. नाहीतर तुलना कशी होणार?"

डोंबलाची तुलना! तिने कशाबशा दोन ओळी लिहिल्या. कागदाला रक्त लागलं, तसा तिने तो लाजून पालथा घातला.

ती अप्रगत ठरली. अप्रगत मुलांना वेगळं बसवा, असा वरून आदेश आला. शिक्षक तणावाखाली आहेत असंही अहवालात होतं, म्हणून आम्हाला ऑनलाइन प्रशिक्षण लावलं. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, वर्गातला एखादा आनंदाचा क्षण आठवा. मला तिचा वर गेलेला हात आठवला.

बोटं कधीच बरी झाली. वेगळ्या रांगेत बसून ती माझे प्रश्न ऐकते. हात मात्र मांडीवरच असतो.