बाकावरची तालीम

मनोविकार विभागाच्या दारासमोरच्या बाकावर बसल्या की अक्का अक्का राहत नसत, डॉक्टर होत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, भुवया कपाळात आणि आवाज थेट नाकातून: "हं, बोला लवकर, बाहेर रांग आहे!" समोरच्या पेशंटने घाबरून "बरं आहे" म्हटलं की अक्का खेकसत, "बरं आहे तर आलात कशाला? पुन्हा!"

अक्का याच इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या स्वतःही घेत होत्या. सकाळच्या गोळीने अशी काही गुंगी यायची की बाळंतिणींच्या वॉर्डाचे फोन त्या लाँड्रीत जोडत. मुलगा झाला की मुलगी, हे नातेवाइकांना तीन वर्षं लाँड्रीवालाच सांगत होता. शेवटी धीर करून अक्कांनी डॉक्टरांना विचारलं, "ही गोळी रात्री घेतली तर चालेल?" डॉक्टर म्हणाले, "चालेल की!" एवढंच! एका प्रश्नाला इतरांनाही तीन वर्षं लागू नयेत, म्हणून निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात अक्कांनी पेशंटांची तालीम घ्यायला हा बाक धरला.

आज समोर टेलरमास्तर होते. गोळ्यांनी त्यांचं डोकं ठिकाणावर आणलं होतं, पण हात थरथरू लागले होते. सुईत दोरा जाईना, गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली.

"अक्का, उद्यापासून गोळ्या बंद. सरळ गटारात!"

"खबरदार! मागे अशाच बंद केल्यात, तेव्हा झोप सोडून शेजाऱ्यांच्या पडद्यांची झबली शिवलीत. मूल नाही बाळ नाही त्यांना! आधी विचारायचं."

अकरा वेळा तालीम झाली. मास्तर आत गेले. दार किलकिलं होतं. अक्कांनी कान लावला.

"कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटले आणि नाकातून सुरुवात केली, "हं, बोला लवकर, बाहेर रांग आहे! डॉक्टर, माझे हात थरथरतात, ते गोळीमुळे का? बरं आहे तर आलात कशाला? पुन्हा!"

दोघांचंही पाठ केलं होतं गृहस्थाने! अक्कांनी जिन्याकडे पाहिलं. पळावं का?

"मी असा बोलतो?" डॉक्टरांचा आवाज खोल गेला होता.

"जवळजवळ," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "अक्का जरा प्रेमाने बोलतात."

मग खुर्ची करकरली आणि डॉक्टर असे हसले की नर्स धावत आली. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "हात पुढे करा बघू. हं. गोळीमुळेच असावं. रक्त तपासू, डोस थोडा कमी करू. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. दोन आठवड्यांनी हे हात मला दाखवायचे."

मास्तर उठेचनात. "झोप आली तर दुपारी झोपू का? आणि एखादी गोळी चुकली तर? आणि..."

"मास्तर, आत बिऱ्हाड केलंत का?" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"अक्का!" आतून डॉक्टरांची हाक आली. "किती प्रश्न शिकवलेत यांना?"

"एकच हो!" अक्का आनंदाने किंचाळल्या. "बाकीचे त्यांचे स्वतःचे!"