अग्निबाण फुटायच्या आधी

फटाक्यांची माळ लागली की माणसं कानांवर हात ठेवतात. आमचे बँडमास्तर कानामागे हात धरून ऐकायचे. केंदूरच्या ब्रास बँडचे ते मालक, ट्रम्पेटवाले आणि आमचे गुरू. मी एरवी कंपनीत, पण लग्नसराईत आणि जत्रेत क्लॅरिनेट घेऊन त्यांच्या मागे.

"समदे फटाके सारखे वाजत्यात व्हय?" ते म्हणायचे. "वरातीतला नाचतो, आपल्या जयंतीतला छाती काढून चालतो. आन् निवडणुकीतला? त्यो हरलेल्याच्या घरात जास्त जोरात वाजतो." हे सगळे आवाज घेऊन त्यांनी बँडसाठी एक लांबलचक तुकडा बसवला होता. झांजांच्या लवंग्या, साइड ड्रमची माळ, क्लॅरिनेटचे भुईनळे. शेवटी त्यांचं ट्रम्पेट अग्निबाणासारखं वर चढायचं, एकदम सगळं बंद, आणि मग सगळी वाद्यं मिळून तो बाण फोडायची. "बाण वर गेला का फुटंस्तवर गाव गप ऱ्हातं. ते गप मला वाजवायचंय," एवढीच त्यांची हौस.

आणि दर जत्रेत तिथंच माशी शिंकायची. बँड थांबला म्हणजे वाजवून झालं, असं समजून लोक शोभेच्या दारूला बत्ती द्यायचे. एकदा तर सरपंचांनी माणूस पाठवला, "मास्तर, काय मोडलंबिडलं का?" आम्ही वैतागून म्हणायचो, ते थांबणं काढून टाका. "मंग ऱ्हायलं काय त्यात?" म्हणायचे आणि रुसून बसायचे.

पुढे छातीच्या दुखण्यानं त्यांचं वाजवणं सुटलं. त्या वर्षी जत्रेत ट्रम्पेट त्यांच्या लेकीनं धरलं आणि मास्तर समोर नुसते हातवारे करत उभे राहिले. बाण चढला, त्यांचा हात वर गेला, बँड थांबला. मास्तरांना असं रिकाम्या हातानं गावानं कधी पाहिलंच नव्हतं. सगळे त्या हाताकडे बघत राहिले. दारूवाल्यानंही बत्ती मागे घेतली. कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं, तेवढंच. आम्ही वाद्यं ओठांना लावून ताटकळलो, पण मास्तर हात खाली आणेचनात. डोळे मिटलेले, गाल ओले.

दिवाळीआधीच मास्तर गेले. तो तुकडा आम्ही अजून वाजवतो. गाव आता तिथं न सांगता गप्प बसतं. पण किती थांबायचं, ते फक्त मास्तरांच्या हाताला ठाऊक होतं. लेक माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे, आणि पुढचा सूर लावायला दोघांचंही मन होत नाही.