वाळवंटाची धूळ, आप्पांची माती

शनिवारी सकाळी आभाळ पुन्हा निळं दिसलं आणि मी आधी स्कूटीची किल्ली शोधली. तीन दिवस शिरूरवर मळकट पिवळा पडदा होता, गाड्यांच्या काचांवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. आता आभाळ स्वच्छ झालं म्हणजे घरोघरी झाडलोट सुरू होणार, आणि त्याआधी मला माझ्या लेकीची धूळ गोळा करायची होती.

लेक म्हणजे मुक्ता. ती तिकडे हिमाचलात हिमनद्यांचा अभ्यास करते. पश्चिमेकडच्या वाळवंटात वादळ उठलं की जड वाळू जवळच पडते, पण अगदी बारीक धूळ उंच चढते, समुद्र ओलांडते. थोडी आपल्याकडे उतरते, थोडी थेट हिमालयाला जाऊन धडकते आणि बर्फावर बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, मळलेला बर्फ ऊन पितो आणि लवकर वितळतो. बर्फावरची आणि आपल्याकडची धूळ एकाच वादळातली आहे का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी दिवाळीत येऊन तिनं दोन गच्च्यांवर काचेच्या गोट्या भरलेले ट्रे ठेवले होते. गोट्यांच्या फटीत बसलेली धूळ पुन्हा उडत नाही. एक निमोण्याला माझ्या मामांकडे, एक राहू गावात नणंदेकडे, शोभाताईंकडे. दोन्हीकडची सारखी निघाली तरच ती लांबून आलेली. एकाच जागची असेल तर शेजारच्या रस्त्याचीही असू शकते. असं वादळ वर्षाकाठी एखादं. तिची मैत्रीण स्नेहा दुपारच्या गाडीनं दौंडहून पुण्याला निघणार होती, तपासणीसाठी डबे तिला केडगाव स्टेशनवर द्यायचे होते.

स्कूटीत दोनशेचं पेट्रोल टाकलं, ते दिवसभर पुरलं. न्हावऱ्याचा रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे राहू नका. निमोण्याला वळलं की मात्र खड्डे मोजत जायचं.

मामांना सगळं गाव आप्पा म्हणतं. पूर्वी घरात मेंढरं होती, आता बाजरी आणि थोडा कांदा. त्यांनी आधी बाजरीची भाकरी आणि ठेचा खायला लावला, मग स्वतः जिना चढून ट्रे खाली आणला. गोट्या दिसेनात इतकी धूळ! मी खूश होऊन गोट्यांसकट सगळं डब्यात भरलं. त्यांची सून रेखा दाराआडून बघत होती, पण पुढे आली नाही.

स्कूटी सुरू केली तेव्हा आप्पा जवळ येऊन हळूच म्हणाले, "काल सूनबाईनं गोट्या धुतल्या. तू येणार म्हणून एकेक घासली बघ. मग मी आपल्या रानातली माती घातली. पोरगी म्हणली हुती ना, बारीकच लांब जाती? उपणताना भुसा जातो तशी. म्हणून धोतराच्या फडक्यातनं वस्त्रगाळ केली."

एवढ्या प्रेमानं एवढा घोटाळा करून ठेवलेला! मी नुसती मान हलवली आणि निघाले.

न्हावऱ्यात भजी आणि चहा घेतला. भजी चांगली असतात म्हणे, मला काही चव लागली नाही. मुक्ताला चार वेळा फोन लावला. वर कॅम्पवर रेंज नसते, तरी लावत राहिले. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी बघायला थांबायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. मनात एकच, डबा दिला तर कळणार कुणाला? आणि न दिला तर पोरीचं वर्ष जाणार.

राहूला गुऱ्हाळं लागली की गरम काकवी जरूर घ्या, मी नणंदेनं दिली म्हणून बाटलीभर घेतली. शोभाताईंच्या ट्रेला कुणाचा हात लागला नव्हता. गोट्यांवर फिकट, गिरणीच्या खिडकीवर पीठ बसतं तसा पातळ थर. शेजारी निमोण्याचा डबा ठेवून पाहिला आणि मला रडूच आलं. ताई विचारत राहिल्या, मी डोळ्यात धूळ गेली म्हटलं.

केडगावला गाडी मिनिटभरच थांबते. स्नेहा दारातच उभी होती. मी राहूचा डबा दिला. "काकू, दुसरा?" म्हणत तिनं हात पुढे केला. माझा हात पिशवीत डब्यावर होता. "दुसरा नाही," म्हटलं. गाडी हलली तेव्हा धावत जाऊन द्यावा असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. सगळं सांगितलं.

"एका डब्यावर काही म्हणता येणार नाही गं आई. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायला लागेल." मग म्हणाली, "आप्पांना सांगू नकोस."

प्रवास म्हणून विचाराल तर एका दिवसात सहज होतो, रस्तेही बरे. मला मात्र रात्रभर वाटत राहिलं, आपण पोरीचं वर्ष आपल्या हातानं घालवलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन. पोचली का धूळ, म्हणाले. मी हो म्हटलं. तर खूश होऊन म्हणतात, पुढच्या साली याच्याहून बारीक गाळून ठेवतो. आता आली का पंचाईत!

"आप्पा, पुढच्या वेळी काही घालू नका. ट्रे रिकामा राहिला तरी चालेल."

"म्हंजी ही चालली न्हाई व्हय?"

"नाही, आप्पा."

आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. पर रेखाला सांगू नगं. दिसभर रडत हुती. तिला वाटतंय, चूक भरून निघाली."